जवळचे छायाचित्रण : नागलीच्या दाण्यापासून माणसाच्या चेहऱ्यापर्यंत

'दुरून डोंगर साजरे' ही म्हण ज्याने प्रथम उच्चारली तो जव्हार-मोखाड्याच्या वाटेने गेला असावा, अशी शंका मला पुष्कळदा येते. पावसाळ्यात त्र्यंबककडून मोखाड्याला येणारा किंवा विक्रमगडकडून घाट चढून जव्हारला पोचणारा प्रवासी हमखास गाडी थांबवतो. समोर ढगांत बुडालेले डोंगर, उतारावर भाताची खाचरे, कुठेतरी एखादा पांढरा ओहोळ. तो चार-दोन फोटो काढतो, दाभोसा धबधब्यावर आणखी दहा काढतो आणि परत जातो. त्या फोटोंत सर्व काही असते; फक्त इथे राहणारे कोणी नसते.

दुसऱ्या प्रकारचा फोटो याच्या अगदी उलट. त्यात डोंगर नसतो, धबधबा नसतो. असतो तो एका मुलाचा चेहरा, मोठे डोळे, बारीक हात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंची बातमी महाराष्ट्रभर झाली. तेव्हा हे तालुके ठाणे जिल्ह्यात होते. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. त्या बातमीपासून आजवर 'जव्हार-मोखाडा' म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा तोच चेहरा येतो. २०१६ साली मोखाड्यातील बालमृत्यूंच्या वेळीही तेच झाले.

म्हणजे आपला मुलूख एक तर फार लांबून पाहिला जातो किंवा एकाच प्रसंगाने, एकाच हेतूने, एकदम जवळून. या दोहोंच्या मधले पाहणे कसे असते? जवळ जायचे म्हणजे नेमके काय करायचे? मी व्यवसायाने मराठीचा शिक्षक आणि छंदाने छायाचित्रकार. गेली बारा-तेरा वर्षे या दोन तालुक्यांत मॅक्रो भिंग घेऊन हिंडतो आहे. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर मी तत्त्वज्ञानातून न देता भिंगातून देणार आहे. त्यात थोडे गणित येईल. पण ते आठवीच्या पुस्तकातले आहे, कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनी घाबरण्याचे कारण नाही.

मॅक्रो म्हणजे काय?

पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यातील फिल्मची किंवा आजच्या संवेदकाची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते. साधारण टपाल तिकिटाएवढी. समजा, एक सेंटिमीटर लांबीचा किडा त्या चौकटीवरही एक सेंटिमीटर लांबीचाच उमटला, तर त्या प्रतिमेचे प्रमाण एकास एक झाले. अर्धा सेंटिमीटर उमटला तर एकास दोन. जे भिंग आपल्या स्वतःच्या रचनेतच एकास एक प्रमाणापर्यंत, निदान एकास दोनपर्यंत, जवळ जाऊ शकते त्याला मॅक्रो भिंग म्हणतात.

साधे ५० मिलिमीटरचे भिंग बहुधा सुमारे ४५ सेंटिमीटरपेक्षा जवळ जाऊ शकत नाही. तेवढ्या अंतरावरून सुमारे २४ सेंटिमीटर रुंदीचा भाग चौकटीत येतो. नागलीचे बोटांसारखे वळलेले कणीस त्यात दिसेल. पण त्यातला दाणा, जो जेमतेम दीड मिलिमीटरचा असतो, तो निव्वळ ठिपका राहील. मॅक्रो भिंगाने एकास एक प्रमाण गाठले की चौकटीत फक्त ३६ मिलिमीटरचा पट्टा उरतो आणि दाण्यावरची साल, बोंडाची कड, त्यावर बसलेला मावा असे सारे वेगळे होते. पुढे त्या फोटोची एक फूट रुंदीची प्रत काढली तर तो दाणा वाटाण्याहून मोठा दिसतो.

पस्तीस मिलिमीटरच्या, आरशाच्या कॅमेऱ्यासाठी असे भिंग प्रथम आणले ते हाइन्त्स किलफिट यांच्या कारखान्याने, १९५५ साली, नाव 'मॅक्रो-किलार'. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, जपानच्या निकॉन कंपनीने आपले 'मायक्रो-निक्कोर' काढले. त्यामागचे कारण मराठीच्या माणसाला विशेष आवडावे. ग्रंथालयांतील कागदपत्रांची मायक्रोफिल्म करताना युरोपातील भिंगांनी रोमन अक्षरे नीट उमटत. पण जपानी चित्रलिपीतल्या दाट, बारीक रेघा एकमेकींत मिसळून जात. तेव्हा आपली लिपी वाचता यावी म्हणून त्यांनी नवे भिंग घडवले. किड्यांसाठी नव्हे, अक्षरांसाठी!

या जन्मकथेमुळेच मॅक्रो भिंगात एक गुण आला. साध्या भिंगाने जवळून सपाट वस्तूचा फोटो घेतला तर मधला भाग रेखीव आणि कडा मऊ, असे होण्याचा संभव असतो. मॅक्रो भिंग सपाट पृष्ठभाग कडेपासून कडेपर्यंत सारखा रेखीव उतरवते. आपल्याकडे याचा उपयोग किती! जुने मोडी कागद, बाड, जमिनीचे दाखले हे तर झालेच. पण कुडाच्या, गेरूने सारवलेल्या भिंतीवर लग्नासाठी सवाशिणींनी तांदळाच्या पिठाने लिहिलेला वारली चौक घ्या. दुरून तो पांढऱ्या रेषांचा जाळीदार पडदा वाटतो. एकास दोन प्रमाणात त्यातली एकच रेघ पाहिली की बांबूच्या काडीचे ठेचलेले टोक कुठे टेकले, पीठ कुठे दाट होते, कुठे संपत आले आणि हात पुन्हा वाटीत कुठे बुडाला, हे क्रमाने वाचता येते. लिहिणारीचा हात दिसतो. चौक 'काढला' न म्हणता 'लिहिला' का म्हणतात, तेही मग उमजते.

थोड्या खर्चातली साधने

मॅक्रो भिंग महाग असते आणि आपल्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांच्या खिशात ते बसत नाही. म्हणून पर्याय सांगतो.

पहिला पर्याय म्हणजे विस्तार-नळी. भिंग आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायची ही पोकळ नळी. तिच्यात काच नसते. भिंग फिल्मपासून जेवढे दूर न्यावे तेवढे ते जवळच्या वस्तूवर फोकस होते. गणित सोपे आहे : नळीच्या लांबीला भिंगाच्या नाभीय अंतराने भागा. ५० मिलिमीटरच्या भिंगामागे २५ मिलिमीटरची नळी लावली तर प्रमाण एकास दोन. ५० मिलिमीटरची लावली तर एकास एक.

दुसरा पर्याय भिंग उलटे लावण्याचा. त्यासाठी एक साधी कडी मिळते. घरात आजोबांच्या किंवा काकांच्या वेळचा फिल्मचा कॅमेरा कपाटात पडलेला असेल तर त्याचे ५० मिलिमीटरचे भिंग या कामाला उत्तम, कारण त्याचे छिद्र हाताने, कडी फिरवून, लहानमोठे करता येते. नव्या भिंगांचे छिद्र विजेच्या आज्ञेने चालते. ते उलटे लावले की आज्ञा पोचत नाही.

तिसरा पर्याय म्हणजे भिंगापुढे चष्म्यासारखी स्क्रूने बसवायची जोडकाच. चार नंबरच्या जोडकाचेचे नाभीय अंतर २५ सेंटिमीटर असते. १०० मिलिमीटरच्या भिंगापुढे ती लावली तर प्रमाण सुमारे एकास अडीच मिळते. कडा किंचित मऊ होतात, पण फूल किंवा फुलपाखरू मध्यभागी असेल तर कोणी तक्रार करीत नाही.

आणि मोबाइल? त्याला नाके मुरडू नयेत. ज्या फोनच्या रुंद भिंगाला फोकसची सोय आहे, तो दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत जाऊन चांगले चित्र देतो. मात्र इतक्या जवळ गेल्यावर फोनची सावली वस्तूवर पडते. म्हणून सूर्य पाठीशी न घेता बाजूला ठेवा आणि दुसऱ्या बाजूला पांढरा कागद धरा. एवढ्याने निम्मे काम होते.

भाताचे फूल : एक धडा

जवळच्या छायाचित्रणातील सर्व अडचणी एका उदाहरणात सामावलेल्या पाहायच्या असतील तर सप्टेंबरमध्ये भाताच्या खाचराच्या बांधावर बसावे. पोटरीत आलेले भात निसवले की लोंबीवरची फुले उमलू लागतात. भात खाणारे आपण सारे. पण भाताचे फूल पाहिले आहे का, असे वर्गात विचारले की शेतकऱ्यांच्या घरची मुलेसुद्धा एकमेकांकडे पाहतात. सकाळी नऊ ते अकराच्या सुमारास दाण्याची दोन टरफले चोचीसारखी उघडतात, आतून सहा परागकोश तंतूंवर लोंबत बाहेर येतात आणि तासाभराच्या आसपास टरफले मिटतात, ती कायमची. आत जे राहिले त्याचा पुढे तांदूळ होतो. दाणा सात-आठ मिलिमीटरचा, परागकोश त्याहूनही लहान.

पहिली अडचण खोलीची. एकास एक प्रमाणात, एफ-८ छिद्र ठेवले असता, रेखीव दिसणारा थर फक्त एक मिलिमीटर जाडीचा असतो. एफ-१६ ठेवले तर दोन मिलिमीटर. म्हणजे पुढचा परागकोश रेखीव असेल तर मागचा धूसर. मग छिद्र आणखी लहान का करू नये? कारण प्रकाश अतिशय लहान छिद्रातून जाताना पसरतो आणि सारे चित्रच मऊ पडते. त्यात एकास एक प्रमाणात छिद्राचे प्रत्यक्ष मूल्य दुप्पट होते. एफ-२२ वर ठेवलेले भिंग एफ-४५ सारखे वागते. म्हणून मी एफ-८ ते एफ-११ च्या दरम्यान राहतो आणि कॅमेऱ्याची पाठ लोंबीला समांतर धरतो. जे दाखवायचे ते एका पातळीत आणले की एक मिलिमीटरसुद्धा पुष्कळ होतो. पुष्कळ फोटो किंचित फोकस सरकवत घेऊन संगणकावर एकत्र जोडण्याची सोय आज आहे. पण तिला स्थिर वस्तू लागते आणि लोंबी स्थिर नसते.

दुसरी अडचण प्रकाशाची. भिंग फिल्मपासून दूर गेले की प्रकाश पातळ होतो. एकास एक प्रमाणात तो चौथाई उरतो. जिथे एक-दोनशांश सेकंदात काम झाले असते तिथे एक-पन्नासांश लागते. कॅमेऱ्यातला मापक हा हिशेब आपोआप करतो, पण शटर मंद झाल्याची किंमत आपल्याला मोजावी लागते.

ती किंमत म्हणजे तिसरी अडचण : हालचाल. वस्तू जितकी मोठी दिसते तितकाच हाताचा कंपही मोठा दिसतो, आणि डोंगरावरचा वारा तर सप्टेंबरमध्ये थांबतच नाही. उपाय साधे आहेत. बांधावर गुडघा टेकून कोपर गुडघ्यावर ठेवावे. फोकस एकदा ठरवून तो पुन्हा फिरवू नये. श्वास सोडून सगळे शरीरच केसभर पुढे-मागे झुलवावे आणि परागकोश रेखीव दिसताच बटण दाबावे. वाऱ्याच्या बाजूला छत्री उघडून धरणारा एक मित्र असेल तर तो तिपाईपेक्षा उपयोगी. फ्लॅश वापरायचा तर त्यापुढे बटर पेपर किंवा ट्रेसिंग पेपर लावावा. उघडा फ्लॅश भाताच्या फुलाला पोलिसांच्या झोतासारखा दिसतो.

आणि चौथी गोष्ट, जिला अडचण न म्हणता शिस्त म्हणावे. फुलासाठी दुसऱ्याच्या खाचरात उतरू नये. बांधावरून जे मिळेल ते घ्यावे. किडा हलू नये म्हणून त्याला गारठवणे, चिकटवणे, पाय अडकवणे असले प्रकार काही लोक करतात. ते करू नयेत. भिंग १०० मिलिमीटरचे असेल तर एकास एक प्रमाणातही भिंगाच्या काचेपासून किड्यापर्यंत वीतभराच्या आतबाहेर अंतर राहते आणि तो बिथरत नाही. ५०-६० मिलिमीटरच्या भिंगात हे अंतर चार-सहा बोटांवर येते. घ्यायचेच झाले तर लांब भिंग घ्यावे, ते याचसाठी.

आपल्या दोन तालुक्यांचे या दृष्टीने एक पंचांगच मी मनाशी बांधले आहे. मृग लागला की ओल्या मातीवर लाल मखमलीचे मृगाचे किडे. श्रावण-भाद्रपदात कातळावर आणि बांधावर तेरडा, सोनकी. मग भात आणि नागली. त्यानंतर खुरासणीच्या पिवळ्या फुलांवर मधमाश्या. फाल्गुनात पळस आणि पुढे पहाटे टपटपणारी मोहाची फुले. यांतले प्रत्येक कुणाच्या तरी पोटाशी, सणाशी किंवा औषधाशी बांधलेले आहे. फोटोखाली नुसते 'एक रानफूल' असे लिहिण्याआधी गावातल्या म्हाताऱ्या माणसाला त्याचे नाव विचारावे. मला तरी बहुतेक वेळा नावाबरोबर एक गोष्टही मिळाली आहे.

तेच भिंग, समोर माणूस

आता चेहऱ्याकडे वळू. १०० मिलिमीटरचे मॅक्रो भिंग व्यक्तिचित्रालाही फार चांगले, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याचे कारण भिंगात नसून अंतरात आहे.

मोबाइल हातभर अंतरावर, समजा नाकापासून ३० सेंटिमीटरवर, धरून फोटो घेतला तर कान कॅमेऱ्यापासून साधारण ४२ सेंटिमीटरवर असतात. जवळची वस्तू मोठी दिसते या नियमाने नाक कानांच्या मानाने जवळजवळ दीडपट मोठे उमटते. चेहरा फुगतो, कान मागे पळतात. आता दीड मीटरवर उभे राहा. नाक १५० सेंटिमीटरवर, कान १६२ वर. फरक उरला जेमतेम आठ टक्क्यांचा. समोरासमोर बसून बोलताना माणूस आपल्याला दिसतो तसाच फोटोत येतो. दीड मीटरवरून चेहरा आणि खांदे चौकटीत भरतील असे भिंग म्हणजेच ८५ ते १०५ मिलिमीटरचे भिंग. लहान संवेदकाच्या कॅमेऱ्यावर ६० मिलिमीटरचे मॅक्रो भिंगही हेच काम करते.

दीड मीटर हे अंतर माणुसकीच्याही दृष्टीने मोजून घेतल्यासारखे आहे. पडवीत दोन माणसे गप्पा मारायला बसतात ते एवढ्याच अंतरावर. त्याहून जवळ भिंग आणले तर समोरचा अंग चोरतो. फार लांबून घेतला तर ती टेहळणी होते.

या अंतरावर एफ-२.८ छिद्राने रेखीव थर सुमारे साडेतीन सेंटिमीटरचा मिळतो. डोळा रेखीव आणि कान धूसर. एफ-५.६ वर सात सेंटिमीटर. फोकस नेहमी कॅमेऱ्याकडच्या डोळ्यावर असावा. डोळा हुकला तर बाकी सारे साधूनही फोटो वाया जातो. मॅक्रो भिंग अतिशय रेखीव असल्यामुळे ते त्वचेवरचे प्रत्येक छिद्र, प्रत्येक सुरकुती दाखवते. शहरातल्या स्टुडिओत हा दोष मानतात. पण ऐंशी पावसाळे अंगावर घेतलेल्या चेहऱ्यावरच्या रेषा कुणासाठी पुसायच्या?

रेषांचाच विषय निघाला म्हणून गोंदणाबद्दल सांगतो. आपल्याकडच्या वयस्क बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, हातांवर जुने गोंदण असते. काळाने ते निळसर-हिरवे होऊन पसरलेले असते. वस्तूचे छायाचित्रण आणि माणसाचे छायाचित्रण यांच्या नेमक्या सीमेवर ते बसते. एकास चार प्रमाणात हाताचे गोंदण घेतले तर नक्षी मिळते. पण केवळ हात घेतला आणि हाताची धनीण राहिली, तर आपण तिला पुन्हा वस्तूच केले. माझा नियम असा : आधी चेहरा, मग तिने होकार दिला तर गोंदण, आणि दोन्ही फोटो नेहमी जोडीने ठेवायचे.

प्रकाशाचे म्हणाल तर घराचे दार हा सर्वांत उत्तम स्टुडिओ. कुडाच्या घरात आत अंधार असतो, कारण खिडक्या कमी. माणसाला दाराच्या आत हातभर अंतरावर बसवून स्वतः उंबऱ्याच्या बाजूला उभे राहिले की बाहेरचा मऊ प्रकाश एका गालावरून येतो आणि मागे काळोख राहतो. दुसरा गाल फार काळा पडत असेल तर पांढरे धोतर किंवा चादर त्या बाजूला कुणालातरी धरायला सांगावी. मुलांना हे काम फार आवडते.

इथे मापकाचा एक घोटाळा ध्यानात ठेवावा. कॅमेऱ्याचा मापक समोरचे जग सरासरीने करडे आहे असे गृहीत धरतो. काळोख्या पार्श्वभूमीवर तो नको तेवढा प्रकाश घेतो आणि सावळा चेहरा पांढुरका करतो; उजळ आभाळापुढे त्याच चेहऱ्याचा काळा ठसा करतो. तेव्हा मापन चेहऱ्यावरच करावे, आणि चेहरा जेवढा सावळा आहे तेवढाच ठेवावा. पुष्कळ मोबाइलमध्ये त्वचा गुळगुळीत आणि गोरी करण्याची सोय आधीच चालू केलेली असते. ती प्रथम बंद करावी. आपल्या माणसांना त्यांच्या रंगावरून दुरुस्त करण्याचा अधिकार यंत्राला कोणी दिला?

बोहाड्यातला चेहरा

मोखाडा-जव्हार भागातला बोहाडा विद्यार्थ्यांना सांगायला नको. रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळ आणि सनईच्या तालावर एकेक सोंग येते : गणपती, शारदा, मारुती, नरसिंह, रावण, आणि शेवटी जगदंबा आणि महिषासुराचे युद्ध. बाहेरून आलेले छायाचित्रकार सोंगांवर तुटून पडतात, आणि त्यात नवल नाही. मुखवटे आहेतच तसे. त्या गर्दीत मॅक्रो भिंग फारसे उपयोगी नाही. त्याचा फोकस अंधारात पुढे-मागे धावत राहतो.

त्याची वेळ दिवसा येते. कागदाच्या लगद्याचे मुखवटे उन्हात ठेवलेले असतात तेव्हा एकास दोन प्रमाणात त्यांच्या रंगाचे थर पाहावेत. वरच्या नव्या तैलरंगाच्या टवक्याखाली जुना रंग, त्याखाली आणखी जुना, आणि तळाशी एखाद्या वर्तमानपत्राच्या छापील अक्षराचा तुकडा. झाडाच्या वर्तुळांप्रमाणे मुखवट्याची वर्षे मोजता येतात. मुखवट्याच्या आतली बाजूही घ्यावी. कपाळाच्या घामाने गुळगुळीत झालेला तो भाग बाहेर कुणालाच दिसत नाही.

आणि दुसरी वेळ पहाटेची. सोंग उतरते, मुखवटा काढला जातो आणि आतला माणूस दिसतो. घामाने निथळलेला, डोळे ताठ झालेले, क्षणभर आपण कोण आहोत ते न आठवणारा. मला बोहाड्यातले सर्वांत चांगले फोटो या क्षणी मिळाले. पण हा क्षण घ्यायचा तर त्या माणसाशी आदल्या दिवशीच बोलून ठेवावे लागते. देवाचे सोंग उतरवणाऱ्या माणसाच्या तोंडावर अनोळखी भिंग रोखणे मला कधीच योग्य वाटलेले नाही.

जवळ जाण्याचा हक्क

येथवर सांगितलेले सारे तंत्र महिनाभरात शिकता येते. पण फोटोचे खरे मोल ज्यावर ठरते ती गोष्ट तंत्रात नाही.

मोखाड्याच्या बाजूच्या एका पाड्यावर एका आजींचा फोटो घेण्याची परवानगी मी मागितली. त्या दारातच नाचणी पाखडत होत्या. सूप न थांबवता त्यांनी मला विचारले, "फोटू नेतोस, तो परत कधी देतोस?" मग शांतपणे हिशेब मांडला. अमुक साली गाडीतून आलेले लोक, तमुक साली शहरातली मुले, एकदा कुठल्याशा संस्थेची माणसे. सर्वांनी फोटो नेले; कोणी एकही आणून दिला नाही. घरात त्यांच्या यजमानांचा फोटो नव्हता. ते वारले तेव्हा भिंतीवर लावायला काही सापडले नाही. इतक्या लोकांनी त्यांना 'घेतले' होते, पण घरात ते नव्हते.

या प्रश्नाला भिंगाच्या गणितात उत्तर नाही, आणि तरीही जवळच्या छायाचित्रणाचा तो पहिला नियम आहे. मी पंधरा दिवसांनी आजींचा फोटो छापून नेला. त्यांनी तो पदराने पुसला, लांब धरून पाहिला आणि एवढेच म्हणाल्या की कपाळावरचे गोंदण नीट आले आहे. त्यांच्या शेजारणीने मग आपणहून विचारले की माझा कधी काढणार.

वर उल्लेखलेल्या बालमृत्यूंच्या काळातील फोटोंबद्दल मला अन्याय करायचा नाही. ते फोटो छापले गेले म्हणून मुंबईतल्या कचेऱ्या हलल्या, डॉक्टर आले, प्रश्न विधिमंडळात गेला. उपाशी मुलाचा फोटो काढूच नये असे म्हणणे म्हणजे उपासमार झाकणे होय. पण त्याच मुलाचे नाव, त्याच्या आईची परवानगी आणि त्याचे पुढे काय झाले, हे त्या फोटोबरोबर किती ठिकाणी आले? ज्या चेहऱ्याने एवढे काम केले तो चेहरा निनावी राहिला, आणि वर्षानुवर्षे साऱ्या मुलखाचा शिक्का होऊन बसला. नागलीच्या दाण्याचा फोटो घेताना आपण त्याचे नाव विचारतो. मग मुलाच्या बाबतीत ते का विसरावे?

म्हणून चेहऱ्याच्या बाबतीत मी चार नियम पाळतो. विचारल्याशिवाय घेऊ नये, आणि मूल असेल तर आईबापांना विचारावे. घेतलेला फोटो कॅमेऱ्याच्या पडद्यावर लगेच दाखवावा. नको म्हटले तर त्यांच्यासमोर पुसावा. छापील प्रत घरी पोचवावी. फोटोमागे नाव, गाव आणि तारीख लिहावी, आणि नाव बाहेर द्यायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी बहुतेकजण याच पाड्यांवरून महाविद्यालयात येता. ज्या अंगणात शिरायला मला अर्धा दिवस ओळख काढावी लागते, ते तुमचेच अंगण आहे. शहरातल्या छायाचित्रकाराकडे लाखाचे भिंग असेल. तुमच्याकडे दीड मीटरवर बसण्याचा जन्मसिद्ध हक्क आहे. येत्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने आपल्या पाड्यावरच्या पाच वयस्क माणसांचे फोटो दाराच्या उजेडात घ्यावेत, साध्या मोबाइलने घेतले तरी चालतील, आणि पोस्टकार्डाच्या आकाराच्या दोन-दोन प्रती काढाव्यात. एक त्यांच्या भिंतीसाठी. दुसरी, त्यांची हरकत नसेल तर, आपल्या ग्रंथालयासाठी. शंभर विद्यार्थ्यांनी हे केले तर पाचशे चेहरे होतात. आपल्या दोन तालुक्यांचा याहून खरा नकाशा कुठल्याही कचेरीत मिळणार नाही. कामाला लागणाऱ्याला माझे भिंग, विस्तार-नळ्या आणि छत्री केव्हाही मिळेल. फक्त छत्री वेळेवर परत करावी, कारण सप्टेंबरात भात निसवायच्या वेळी ती मला लागते.